तुटक रेषेखालचा भाग

मालकांनी मला पहिल्या दिवशी खोली दाखवली नाही, बादल्या दाखवल्या.

नांदेडहून माझी लातूरला बदली झाली होती. बायको-मुलं नांदेडलाच ठेवून मी एक सूटकेस आणि एक टेबलफॅन घेऊन त्यांच्या दारात उभा होतो. अंगणात भिंतीला लागून चार बादल्या ओळीनं मांडल्या होत्या. मालक त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाले, "ही ओली, ही सुकी, ही घातक. अन् ही चौथी."

"चौथीत काय टाकायचं?"

"ज्याचा निकाल लागला न्हाई, ते. रोज संध्याकाळी बसून निकाल लावायचा."

"आणि खोली?"

"खोली काय पळून चालली का?" मालक म्हणाले आणि त्यांनी मला माझी पहिली परीक्षा दिली. चहा गाळून झालेली गाळणी समोर धरली. चोथा ओला हे मला आलं. पण गाळणीची जाळी फाटली होती, म्हणजे गाळणीही फेकायची होती. मी सुक्याकडे बोट केलं. मालकांनी नकारार्थी मान हलवली. जाळी लोखंडाची, दांडा प्लास्टिकचा. दोन्ही सोडवल्याशिवाय गाळणी कुठंच जात नाही. ते पक्कड आणायला आत गेले आणि काकू, म्हणजे मालकीणबाई, दारातून हळूच म्हणाल्या, "राहा हो. माणूस चांगलं हाय. निस्तं कचऱ्याचं तेवढं."

मालकांनी उभा जन्म टपालाच्या सॉर्टिंगमध्ये काढला होता, नांदेडला. समोर लाकडी खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा. कंधारचं कंधारला, माहूरचं माहूरला, देगलूरचं देगलूरला. ते न बघता पत्र फेकायचे आणि ते खणात जाऊन बसायचं, असं ते स्वतः सांगायचे आणि खोटं वाटत नसे, कारण केळीचं सालही ते ओट्यावरून न बघता ओल्या बादलीत टाकायचे. "जगात बिगर पत्त्याची वस्तू नसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. निवृत्त होऊन लातूरला स्वतःच्या घरात आले आणि दोन महिन्यांत त्यांच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. त्यांनी डाळी निवडल्या, मग काकूंच्या साड्या रंगावार लावल्या, मग तालुक्यावार लावल्या, म्हणजे कोणत्या गावच्या आहेरात आली त्याप्रमाणे. काकू माहेरी निघून जायच्या बेतात होत्या, तेवढ्यात कॉलनीत घंटागाडी सुरू झाली आणि ओला-सुका वेगळा द्या अशी पाटी फिरली. "देवानंच गाडी धाडली बघा," काकू म्हणायच्या.

सकाळी गाडीचं गाणं वळणावर ऐकू आलं की मालक दाढी अर्धी टाकून बाहेर. गाडी चालवणारा बालाजी हा शांत, जाड मिशांचा माणूस. त्याला घाई असायची, मालकांना नसायची. ते कॉलनीतल्या प्रत्येक बादलीत वाकून बघायचे. प्राध्यापक गायकवाड सरांच्या बादलीतून एकदा त्यांनी पेनाची रिफिल वर काढली आणि विद्यार्थ्यासमोर कॉपी धरावी तशी सरांसमोर धरली. सर माणूस रुबाबदार, पण खाली मान घालून "चुकलं" म्हणाले. शनिवारी दारावरची लिंबू-मिरची उतरली की मालकांची खरी कसोटी. लिंबू ओलं, मिरची ओली, दोरा सुका, बिब्बा घातक. एकदा मी मुद्दाम विचारलं, "मालक, आणि तिच्यात अडकलेली नजर?"

मालकांनी लिंबू हातात घेऊन उलटसुलट बघितलं. संध्याकाळी ते लिंबू मला चौथ्या बादलीत दिसलं.

दुधाच्या पिशव्या धुतल्याशिवाय द्यायच्या नाहीत असा नियम होता. आता लातुरात नळ कधी येतो हे नळालाच माहीत. म्हणून भाजी धुतलेल्या पाण्यात पिशव्या धुवायच्या, त्या पाण्यात फडकं, उरलेलं पाणी कढीपत्त्याला. दोरीवर माझ्या बनियनांच्या शेजारी पिशव्या चिमट्यांनी वाळत असत. माझे बनियन कधीकधी धुतल्याविना राहिले, पिशव्या कधी राहिल्या नाहीत.

पण मालकांची खरी कीर्ती पत्रिकांमुळे झाली.

लग्नपत्रिका फेकता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. लग्न होऊन जातं, नवराबायकोची पहिली भांडणंही होऊन जातात, तरी पत्रिका फ्रिजवर असते. कारण वर गणपती छापलेला असतो. गणपती कचऱ्यात कसा टाकायचा? नदीत सोडावा तर मांजरेत पाणी कुठं? प्रत्येक घरात असा पत्रिकांचा गठ्ठा साठलेला होता आणि मालकांनी तो कॉलनीभर फिरून ताब्यात घेतला. दुपारभर कात्री घेऊन बसायचे. गणपती कापून पत्र्याच्या ट्रंकेत, उरलेला कागद सुक्यात. गायकवाड सरांकडच्या पत्रिकांवर बुद्ध आणि बाबासाहेब असत, ते कापून वहीत चिकटवायचे. गंजगोलाईच्या बाजारपेठेत शिलाईचं दुकान असलेले, कॉलनीतलेच शेख चाचा त्यांच्याकडच्या पत्रिका आणायचे, त्यांवरचं बिस्मिल्ला कापून कापडी पिशवीत. ती पिशवी चाचा मशिदीत नेऊन द्यायचे. कात्रीही चाचांचीच, धार लावून दिलेली.

ट्रंक भरली. दुसरी आणली. झाकणं लागेनात. ट्रंकांच्या खोलीत शिरलं की इतके गणपती एकदम आपल्याकडे बघतायत अशी जाणीव होई आणि माणूस आपोआप चप्पल काढे.

अशातच मालकांच्या वैशालीचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बापासारखीच शांत आणि हट्टी. मुलगा जळकोटचा, मुलाचे वडील खत-बियाणांचे दुकानदार. देणं-घेणं काही नाही, दोन्ही घरं खूश. फक्त पत्रिका छापायची राहिली होती आणि ती छापणार होते मालक.

पहिला नमुना आला तेव्हा मी अंगणातच होतो. वर गणपती, आणि गणपतीच्या खाली आडवी तुटक रेषा. शेख चाचांनी शिलाई मशीनमध्ये दोरा न ओवता कागदावरून नुसती सुई चालवली होती. भोकांची सुबक रांग पडली होती. "मालक, चाळीस बरस हो गए सिलाई करते," चाचा म्हणाले, "बिगर धागे का काम पैली बार किया." पत्रिकेच्या तळाला बारीक अक्षरात छापलं होतं: 'लग्नकार्य पार पडल्यावर देव रेषेवरून सोडवून देव्हाऱ्यात ठेवावा. उरलेला भाग सुक्या कचऱ्यात द्यावा.'

मला हसू आवरेना, म्हणून मी कढीपत्त्याकडे तोंड केलं. मालक मात्र पत्रिका उन्हात धरून भोकं बघत होते, तृप्त होऊन.

पहिली पत्रिका कुंकू लावून व्याह्यांना गेली. तिसऱ्या दिवशी व्याही स्वतः आले. चहाला हात लावला नाही. पत्रिका मालकांच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय छापून राहिलेत तुम्ही?"

"सोय हाय."

"देव देव्हाऱ्यात अन् माझं पोरगं कचऱ्यात? त्याचं नाव बघा. डोळे फाडून बघा. रेषेच्या खाली हाय."

"वैशालीचंही खालीच हाय की."

"तुमच्या पोरीचं तुम्ही बघा. माझ्या पोराचं नाव लग्नाआधी घंटागाडीत गेलं, तर जळकोटात मला तोंड दाखवता येईल का? पत्रिका बदला, न्हाईतर मला लग्नाचाच विचार करावा लागल."

काकूंचा हात पदराला गेला. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बापाकडे असं बघितलं की मालकांनी चष्मा काढून पुसला. मग आत गेले आणि कात्री घेऊन आले. मला वाटलं आता काहीतरी भयंकर घडतंय. पण ते व्याह्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा. काय वर ठेवायचं, काय खाली."

त्यानंतरचा तास मी जन्मात विसरणार नाही. दोन व्याही मांडीला मांडी लावून पत्रिका निवडत बसले, तांदूळ निवडावेत तसे.

मुलाचं नाव वर. मुलीचंही वर. मुलाचे आजोबा कैलासवासी, त्यांना तर खाली ठेवणं शक्यच नाही. आजोबा वर गेले म्हणून मुलीची आजी वर. समस्त मामा, काका, आत्या वर. "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" हे खाली जाऊ शकलं असतं, पण त्याखाली चिंटू, पिंकी, ओम अशी नावं होती आणि व्याही म्हणाले, लेकरांची नावं कचऱ्यात नकोत. रेषा खाली खाली सरकत चालली, मालक कासावीस व्हायला लागले.

"व्याही, काहीतरी तर खाली द्या."

व्याह्यांनी पुन्हा एकदा वाचलं. "लग्न वेळेवर लागेल," त्यांनी मोठ्यांदा म्हटलं आणि पहिल्यांदा हसले. "हे टाकून द्या. हे कुठं खरं असतंय."

मालक खुलले. "अन् वेळ? लग्न झाल्यावर वेळ काय कामाची?"

"हाव. वेळ खाली."

"ठिकाण?"

"ठिकाण बी खाली. लग्न झाल्यावर कार्यालय काय आपलं असतंय का?"

अशी तडजोड झाली. तुटक रेषा गणपतीखालून निघाली ती थेट तळाशी आली. वर देव, नवरा-नवरी आणि दोन्हीकडची माणसं. खाली मुहूर्त, कार्यालयाचं नाव, पत्ता आणि 'लग्न वेळेवर लागेल'. सूचनेतही फक्त 'तुटक रेषेखालचा भाग सुक्या कचऱ्यात द्यावा' एवढंच ठेवलं. 'लग्नकार्य पार पडल्यावर' हे शब्द ओळीत बसेनात म्हणून गळले. व्याह्यांनी गार झालेला चहा प्यायला.

मोबाईलवर पत्रिका पाठवायला मालकांची सक्त मनाई होती. "ती फाडता येत न्हाई," ते म्हणाले.

पत्रिका वाटल्या गेल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी कॉलनीनं काय केलं असेल? इतक्या वर्षांची शिस्त. प्रत्येक घरानं रेषेवरून पट्टी फाडली आणि गाडीत दिली. गायकवाड सरांनी दिली, चाचांनी दिली, मीही दिली. मालक मुलीच्या लग्नाच्या नादात होते, पण गाडीपाशी उभे राहून एकेकाची पट्टी नीट फाटली का ते बघत होते. "काय सरळ सुटून राहिलीय," ते चाचांना म्हणाले. त्या पट्टीवर काय छापलंय हे आमच्यातल्या एकानंही बघितलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते वाचलेल्या माणसानंही नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटेच घरची मंडळी कार्यालयात गेली. माझ्यावर एकच काम होतं. वैशालीचे मामा कंधारहून येणार होते, त्यांना घेऊन यायचं. नवरीला बोहल्यावर मामा आणतो, हे मी सांगायला नको. मामांची बस वाटेत बंद पडली, ते जीपनं घरापाशी उतरले, साडेअकरा वाजले. गुलाबी फेटा, हातात पिशवी, माणूस घामाघूम. मी त्यांना स्कूटरवर बसवलं, किक मारली आणि विचारलं, "मामा, कार्यालय कुठलं?"

मामा म्हणाले, "तुम्ही लातूरचे. मला काय विचारून राहिलेत?"

"तुमच्या पत्रिकेत बघा."

मामांनी पिशवीतून पत्रिका काढली. खालून नीट फाडलेली. "दाजींचा फोन आला होता," ते म्हणाले, "पट्टी दिलीस का म्हणून. दाजींचं ऐकावं लागतंय."

मालकांना फोन लावला, उचलला नाही. काकूंचा फोन बंद घराच्या खिडकीत वाजताना ऐकू आला. मला एवढं आठवत होतं की औसा रोडवर कुठंतरी. औसा रोडवर कार्यालयं किती आणि त्या दिवशी लग्नतिथी किती दाट, हे तिथं गेल्यावर कळलं. पहिल्या कमानीपाशीच मला आमची निम्मी कॉलनी दिसली. गायकवाड सर, शेख चाचा, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. हायसं वाटून आम्ही आत शिरलो. मामांचा फेटा बघताच दोन बायका धावत आल्या. "मामा आले, मामा आले," म्हणत त्यांनी मामांना ओढत नवरीच्या खोलीकडे नेलं. मामाही गेले. दोन मिनिटांत परत आले, पांढरेफटक.

"ही आपली वैशाली न्हाई हो."

त्या नवरीचेही मामा यायचे होते. मी चाचांकडे बघितलं. त्यांच्या हातात द्रोण होता, द्रोणात गुलाबजाम. "हम भी देख रहे थे," चाचा म्हणाले, "के मालक किधर दिख नै रहे."

आम्ही बाहेर धावलो. बारा वाजून दहा मिनिटं. मुहूर्त कधीचा हेही आम्हाला नक्की माहीत नव्हतं, ही त्यातली आणखी मजा. माझ्या स्कूटरला तीन टेम्पोंनी चहूकडून कोंडलं होतं. मामा रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "बहिणीला काय तोंड दाखवू," ते म्हणाले, आणि त्या वेळी मला पहिल्यांदा हसू आलं नाही. जळकोटचे ते व्याही, तो गार होऊ दिलेला चहा, सगळं डोळ्यांपुढे आलं.

तेवढ्यात घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. लग्नसराईत कार्यालयांच्या पत्रावळ्या उचलायला जादा फेऱ्या असतात. बालाजी त्या फेरीवर होता. मी आडवा झालो.

"बालाजी, मालकांच्या पोरीचं लग्न कुठं हाय?"

"कुणाच्या?"

"मालकांच्या, वैशालीच्या."

बालाजीनं काचेखाली खोचलेली एक पट्टी काढली. "तरीच म्हणलं, एकाच लग्नाच्या इतक्या पट्ट्या. माझ्याकडं ठिकाण हाय, वेळ हाय. लग्न कुणाचं ते तेवढं न्हाई. मला कुठं अख्खी पत्रिका दिली मालकांनी?" त्यानं पट्टी वाचली. "बारा पस्तीस. ह्याच रस्त्याला, पुढं, तेलाच्या गिरणीमागं. बसा."

मामा पुढं बसले. आम्ही मागं चढलो. चाचा ज्या बाजूनं चढले तिकडून बालाजी ओरडला, "चाचा, ती ओली बाजू हाय. सुक्याकडं व्हा." चाचा निमूट सुक्याकडे झाले. प्राध्यापक गायकवाड सर सफारी सावरत पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर उभे राहिले आणि गाडी सुटली, गाणं चालूच.

कार्यालयात काय झालं होतं ते मला नंतर वैशालीनं सांगितलं. मुलाकडचे दोन टेम्पो भरून आलेले, मुलीकडच्या खुर्च्या रिकाम्या. गुरुजी तिसऱ्यांदा म्हणाले, "मुलीच्या मामांना आणा." व्याही मालकांना म्हणाले, "तुमच्याकडचं एक माणूस न्हाई आलं. ही सोयरीक तुमच्या गावाला पसंत न्हाई का?" मालक रिकाम्या खुर्च्या मोजत राहिले. त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं, एकूण एक घराला, स्वतःच्या हातानं. शेवटी व्याही म्हणाले, "मुहूर्त टळला तर मी टेम्पो फिरवतो."

आणि लांबून गाणं आलं.

काकू हातातलं ताट तसंच घेऊन सवयीनं बाहेर धावल्या. त्यांच्यामागं मालक धावले. त्यांच्यामागं जावयाची करवलीसुद्धा धावली, जळकोटात काय ही गाडी येत नाही का? कमानीत सगळे असे उभे असताना गाडी थांबली आणि सुक्या बाजूनं आमची कॉलनी खाली उतरली. मामांना दारातून उतरता येईना, फेटा अडकला. व्याही पुढं झाले आणि त्यांनी हात देऊन मामांना खाली घेतलं. मुहूर्ताला चार मिनिटं होती.

लग्न वेळेवर लागलं. मराठवाड्यात असं लग्न मी आजवर एकच बघितलं.

अक्षता पडल्यावर मालक स्टेजवरून उतरून बाहेर गेले. बालाजी गाडीत भरलेल्या पत्रावळ्या दाबत होता. मालकांनी त्याच्या डोक्याला फेटा बांधला, हाताला धरून पहिल्या पंगतीला आणून बसवलं आणि स्वतः वाढलं. "तुला पत्रिका द्यायची राहिली," ते म्हणाले. बालाजी म्हणाला, "असू द्या मालक, पत्ता तर मलाच होता." मालकांनी त्याच्या पानात आणखी वाढलं. मला वाटतं, सॉर्टिंगमध्ये इतकं जबर उत्तर त्यांना कुणी दिलं नसावं.

संध्याकाळी पाठवणी. वैशाली सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, मला सोडून; मला म्हणाली, "गाळणी नीट सोडवत जा." मग बापापाशी आली. तिनं कागदी रुमालानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तो चोळामोळा झालेला कागद बापापुढे धरला. मालकांनी तो घेतला. कागद सुका, पण चिंब भिजलेला. गाडी सुरू झाली, जळकोटकडे वळली, दिसेनाशी झाली. कार्यालयाच्या दारात दोन बादल्या होत्या, एक हिरवी, एक निळी. मालक दोन्हींच्या मधोमध उभे होते. मी वाट बघत राहिलो.

शेवटी त्यांनी तो कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला, अंधार पडून राहिला."